वायरचं मशीन शेडमध्ये, रॉडचं गाडीत

एप्रिल लागला की महाडपासून पोलादपूरपर्यंत महामार्गाच्या कडेच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांना श्वास घ्यायला फुरसत नसते. कुणाला स्लॅबवर पत्र्याची शेड हवी असते, कुणाच्या गोठ्याचे खांब तळाशी गंजून पोकळ झालेले असतात, कुणाचं गेट बिजागरीतून खाली बसलेलं असतं. मुंबईहून सुट्टीला आलेल्या चाकरमान्याला हे सगळं मृगाच्या आत हवं असतं. अशा घाईत होल्डरमधला रॉड पुन्हा पुन्हा बदलणाऱ्या आणि हातोडीने स्लॅग झाडत बसणाऱ्या माणसाच्या मनात एक विचार येतोच: आपणही वायरचं मशीन घ्यावं का?

घ्यावं. पण रॉडचं मशीन विकून घेऊ नये. का, ते कळण्यासाठी आधी हे मशीन चालतं कसं ते बघू.

आपल्याकडे याला कुणी सीओटू म्हणतं, कुणी मिग. यात रॉडच्या जागी रिळावर गुंडाळलेली बारीक वायर असते. टॉर्चचा खटका दाबला की एकाच वेळी वायर पुढे सरकते, तिच्यातून करंट वाहतो आणि नोझलमधून गॅस सुटतो. वायरचं टोक कामाला टेकून वितळतं आणि त्याचीच शिवण होते. रॉडच्या वेल्डिंगमध्ये वितळलेल्या लोखंडाला हवेपासून वाचवायचं काम रॉडवरचं आवरण जळून करतं आणि मागे स्लॅग सोडतं. इथे तेच काम सिलिंडरमधला गॅस करतो. त्यामुळे झाडायला स्लॅग नाही, बदलायला रॉड नाही, आणि फेकून द्यायला दीड-दोन इंचांची थुटकंही नाहीत. रॉडच्या वजनापैकी साधारण ६०-६५ टक्केच शिवणीत उतरतं. वायरचं ९० टक्क्यांच्या वर.

रॉडवर हात बसायला महिने लागतात, या मशीनवर मात्र नवखा माणूस दोन दिवसांत बरी शिवण ओढू लागतो. हाताची उंची जरा वाढली की आर्क लांबतो, करंट उतरतो, वायर हळू वितळते आणि आर्क आपोआप पुन्हा पहिल्या लांबीवर येतो. हात खाली गेला तर याच्या उलट. रॉड धरताना मनगटाने करायचं हे काम इथे मशीन करतं.

आणि यातच खोट आहे. रॉडची वाईट शिवण दिसायलाही वाईट असते. पोर पहिल्या दिवशी काय शिकलंय ते बापाला लांबून दिसतं. वायरची शिवण वरून गुळगुळीत, एकसारखी, देखणी दिसते आणि खालच्या पट्टीला धरलेलीच नसते. वितळलेलं लोखंड नुसतं वर जाऊन बसतं. कारखान्यात याला कोल्ड लॅप म्हणतात. कमी करंटवर, बारीक वायरने, जाड पट्टीवर काम केलं की हा दोष हमखास येतो. कुंडीच्या स्टँडला तो चालून जाईल. शेडच्या खांबाला चालणार नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं तेव्हा रायगडभर पत्रे उडाले होते. अशा वाऱ्यात सांगाडा वरच्या दिशेने खेचला जातो आणि तो सगळा ताण खांब, कैची आणि बेस प्लेटच्या जोडांवर येतो.

म्हणून मशीन आणल्यावर पहिलं काम गिऱ्हाइकाचं नको. पाच मिलिमीटरच्या पट्टीचे हातभर तुकडे कापा. एक आडवा ठेवून दुसरा त्यावर उभा धरा, एकाच बाजूने शिवण घाला, थंड होऊ द्या. मग आडवा तुकडा व्हाइसमध्ये पकडा आणि उभ्या तुकड्यावर घण मारून तो शिवणीच्या बाजूला पाडा. जोड तुटला तर आत बघा. पट्टीची कापलेली कड जशीच्या तशी, सरळ आणि चकचकीत दिसत असेल, तर तिथे वेल्डिंग झालंच नव्हतं. पट्टी वाकली पण जोड सुटला नाही, किंवा तुटलेला भाग खरबरीत, राखाडी दिसला, तर ठीक. नवं रीळ, नवा गॅस, नवा माणूस, काहीही बदललं की हा घण पुन्हा मारायचा. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्याला कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही.

मशीन निवडताना

खिडक्यांचं ग्रिल, गेट, दोन मिलिमीटरचा चौकोनी पाइप, तीन-चार मिलिमीटरचे अँगल हे तुमचं रोजचं काम असेल तर सिंगल फेजवर चालणारं २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन आणि ०.८ मिलिमीटरची वायर पुरते. डंपरचा हौदा, जेसीबीची बकेट, सहा-आठ मिलिमीटरच्या प्लेटा असं काम महामार्गामुळे येत असेल, तर १.२ मिलिमीटरची वायर ओढणारं थ्री फेज मशीन लागेल. ०.८ च्या वायरने बकेटचे ओठ जोडायचा हट्ट करू नका. ते कोल्ड लॅपला दिलेलं आवतणच असतं.

विक्रेता २०० हा आकडा सांगतो. त्याच्या शेजारचा टक्क्यांचा आकडा तुम्ही विचारायचा. २०० अँपिअरला ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांतली सहा मिनिटं आर्क चालू, चार मिनिटं मशीनला विश्रांती. आणि हे गणित ४० अंश तापमानाला मांडलेलं असतं. आपल्याच जिल्ह्यात भिरा इथे मार्च २०१७ मध्ये पारा ४६ अंशांच्या पुढे गेला होता. पत्र्याच्या शेडखाली मे महिन्यात काय होत असेल ते सांगायला नको. तेव्हा ज्या करंटवर रोज काम करणार, त्याच्या दीडपट क्षमतेचं मशीन घ्या. मशीनच्या पाठीमागे हातभर जागा मोकळी ठेवा आणि ग्राइंडरच्या ठिणग्या त्याच्या पंख्याच्या दिशेने उडू देऊ नका. आत गेलेला लोखंडाचा भुगा कार्डावर बसतो आणि पहिल्या दमट दिवशी मशीन बंद पाडतो.

झाकण उघडून वायर ढकलणारा भाग स्वतः बघा. रोल बसवलेली चौकट धातूची असावी. प्लास्टिकची चौकट वर्षभरात ढिली होते आणि मग वायर कधी पळते, कधी अडते. टॉर्च काढता येणारा, युरो कनेक्टरचा घ्या. छोट्या मशीनवर बहुधा १५ एके प्रकारचा येतो आणि त्याच्या टिपा, नोझल सगळीकडे मिळतात. तुम्ही पाहताय त्या मशीनच्या टिपा महाडच्या बाजारात मिळतात का, एवढं विचारूनच पैसे मोजा. पन्नास-शंभर रुपयांच्या वस्तूसाठी पनवेलची एसटी पकडावी लागली, तर स्वस्तात घेतलेलं मशीन महागात पडलं म्हणायचं.

विजेचंही गणित घरीच करता येतं. १२० अँपिअर आणि २० व्होल्टवर काम करताना आर्कला २,४०० वॅट लागतात. मशीनमधली गळती आणि पॉवर फॅक्टर धरला तर मीटरकडून सुमारे ४ केव्हीए, म्हणजे १७-१८ अँपिअर ओढले जातात. १६ अँपिअरच्या सॉकेटवर हे काम अधूनमधून होईल, दिवसभर नाही. स्वतंत्र ३२ अँपिअरचा एमसीबी आणि त्याच्यासोबत गळती पकडणारा आरसीसीबी बसवून घ्या. वाडीच्या टोकाला संध्याकाळी व्होल्टेज आधीच पडलेलं असतं. त्यात तीस मीटर लांबीची दीड चौरस मिलिमीटरची एक्स्टेन्शन लावली तर एकट्या वायरमध्ये तेरा-एक व्होल्ट जातात. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली तर पाच. बऱ्याच लोकांना मशीनचा दोष वाटतो तो प्रत्यक्षात एक्स्टेन्शनचा असतो. आणखी एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही: घरच्या मीटरवर धंद्याचं वेल्डिंग करताना पकडलं गेलं, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. कनेक्शन आधी बदलून घ्या.

वायर आणि तिचा रस्ता

साध्या लोखंडासाठी ईआर ७० एस-६ ही वायर मागायची. तिच्यात मँगनीज आणि सिलिकॉन जरा जास्त असल्याने थोडाफार गंज, थोडी मळी ती सोसते. ०.८ ची वायर मीटरला जेमतेम चार ग्रॅम भरते, म्हणजे १५ किलोच्या रिळात सुमारे ३,८०० मीटर. मिनिटाला पाच मीटर या वेगाने ती साडेबारा तास सलग आर्क देईल. पण हे रीळ उघडं टाकलं तर आपल्या हवेत तेवढं टिकत नाही. पोलादपूर-महाडला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत भिंतीवर शेवाळ धरतं तिथे तांब्याचा पातळ मुलामा किती तग धरणार? काम संपलं की रीळ मशीनमधून काढा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह बांधा, फळीवर ठेवा. वायरवर तपकिरी ठिपके दिसले की वरचे दोन-चार थर कापून फेका. गंजलेली वायर शिवणीत छिद्रं पाडते, आणि त्याहून वाईट म्हणजे टॉर्चच्या लायनरमध्ये, म्हणजे वायर जाते त्या आतल्या नळीत, भुगा साठवत जाते.

नवख्या माणसाचा निम्मा त्रास वायर अडकण्याचा असतो. रोलवरची खाच वायरच्या मापाची आहे ना, ते पाहा. एकाच रोलला दोन बाजूंना दोन मापं असतात आणि तो उलटा बसवला जाणं ही नेहमीची गोष्ट. टिपेवर ०.८ कोरलेलं असलं पाहिजे. दाबाचा स्क्रू आवळत सुटू नका. हातमोजा घालून टॉर्च लाकडी फळीकडे तिरपा धरा आणि खटका दाबा: वायर फळीला टेकून वाकत वाकत पुढे आली पाहिजे, अडून थांबता कामा नये. एवढा दाब पुरे. त्याहून जास्त आवळलं तर वायर चपटी होते, टिपेत घासते आणि शेवटी रोलपाशी तिचा गुंता होतो. रीळ बदलताना लायनर कोरड्या हवेने फुंकून काढा. टॉर्चची केबल कामाच्या वेळी जमिनीवर वेटोळी पडू देऊ नका, सरळ ठेवा. टिप हा खर्चाचा भाग आहे. तिचं भोक लांबट झालं की आर्क फडफडतो. ती टाकून द्या, तिच्यावर माया करू नका.

गॅस

हे तंत्र १९४८ मध्ये अमेरिकेत ओहायोच्या बॅटेल संस्थेत आकाराला आलं, तेव्हा ते ॲल्युमिनियमसाठी होतं आणि महागडा आरगॉन गॅस वापरत होतं. १९५३ च्या सुमारास सोव्हिएत संशोधकांनी लोखंडासाठी स्वस्त कार्बन डायऑक्साइड वापरून दाखवला आणि त्याच दशकाच्या शेवटी बारीक वायर, कमी करंट ही जोडी जमली. पातळ पत्रा जोडणारं आजचं छोटं मशीन तिथून आलं. आपल्या दुकानासाठीही तोच स्वस्त गॅस सुरुवातीला योग्य. तो खोल शिरतो, पण शिंतोडे जास्त उडवतो. ८० टक्के आरगॉन आणि २० टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण शिवण सुबक देतं, शिंतोडे कमी. पण महाग, आणि सिलिंडर लवकर संपतो. हिशेब असा: ३० किलोच्या सीओटू सिलिंडरमधून १६ हजार लिटरच्या आसपास गॅस निघतो, मिनिटाला १२ लिटर धरले तर बावीस तासांचा आर्क. मिश्रणाच्या नेहमीच्या मोठ्या सिलिंडरमध्ये ७ हजार लिटर असतो. दहा तासांच्या आतच तो रिकामा. रेलिंग किंवा स्टाफरूमच्या कपाटासारखं पातळ, डोळ्यांसमोर राहणारं काम सतत असेल तरच मिश्रणाकडे वळा.

सीओटू सिलिंडरमध्ये द्रवरूप असतो. तेव्हा घड्याळाचा काटा पाहून किती गॅस उरला ते कळत नाही. द्रव संपेपर्यंत काटा जागचा हलत नाही आणि मग एकदम कोसळतो. खरा अंदाज वजनकाट्यावरच येतो. सिलिंडर उभाच ठेवायचा, साखळीने बांधायचा. आडवा पाडून वापरला तर द्रव थेट रेग्युलेटरमध्ये शिरतो. उन्हात ठेवायचा नाही. बंद काचांच्या गाडीतून आणायचा नाही. गळती झाली तर हा गॅस वासाने सावध करत नाही.

द्रवाचा गॅस होताना कमालीची थंडी पैदा होते आणि रेग्युलेटरवर बर्फ धरतं, म्हणून त्याला हीटर असतो. हीटर किती व्होल्टचा आहे ते वाचूनच जोडा. मशीनच्या पाठीमागे हीटरसाठी दिलेलं सॉकेट बऱ्याचदा ३६ व्होल्टचं असतं. २३० चा हीटर तिथे लावला तर तो तापतच नाही, आणि ३६ चा भिंतीतल्या सॉकेटला लावला तर क्षणात जळतो.

आकडे, आवाज, हात

मशीनवर दोनच मुख्य खुंट्या: वायरचा वेग आणि व्होल्टेज. वेग वाढवला की करंट वाढतो. व्होल्टेजने आर्कची लांबी आणि शिवणीची रुंदी ठरते. जाडीच्या दर मिलिमीटरला ४० अँपिअर हा पाच मिलिमीटरपर्यंतचा कामचलाऊ हिशेब आहे. ०.८ च्या वायरने दीड मिलिमीटरच्या पत्र्याला ६०-७० अँपिअर आणि १७ व्होल्टच्या आसपास, तीन मिलिमीटरला ११०-१२० आणि १९-२०, पाच मिलिमीटरला १५० च्या पुढे आणि २१-२२. मिश्रण वापरत असाल तर व्होल्टेज एक-दोनने उतरवा. हे आकडे सुरुवातीपुरते. पुढचं कानाने जुळवायचं: भज्यांचा घाणा कढईत सोडल्यावर येतो तसा सलग चुरचुर आवाज हवा. वायर कामावर आपटतेय, टॉर्च मागे ढकलला जातोय असं वाटलं तर वेग जास्त आहे. मोठे थेंब पडताहेत आणि वायर जळत टिपेला चिकटतेय, तर वेग कमी किंवा व्होल्टेज जास्त.

टिपेपासून कामापर्यंत वायर १० ते १२ मिलिमीटर बाहेर असावी. ती लांब गेली की करंट गळतो, गॅसचं छत्र सुटतं. टॉर्च दहा-पंधरा अंश कललेला ठेवून शिवण पुढे ढकलत न्या. पातळ पत्र्याला हे चांगलं. खोली हवी असेल तेव्हा ओढत या. नजर आर्कच्या झगमगाटावर ठेवू नका, त्याच्या पुढच्या कडेवर, जिथे लोखंड वितळून दोन्ही पट्ट्यांना भिजवतंय तिथे ठेवा. डबकं दोन्ही कडांना शिवलं नाही तर हात थांबवा. सगळ्यात जास्त कोल्ड लॅप घाईने उतरत्या दिशेने मारलेल्या उभ्या शिवणीत सापडतात. तीन मिलिमीटरच्या वर जाडी असेल तर उभी शिवण खालून वरच नेली पाहिजे, मग ती कितीही ओबडधोबड दिसो.

जोडाची जागा ग्राइंडरने उजळ करा, रंग-तेल काढा. रॉडचं आवरण थोडी घाण पोटात घेतं; गॅस घेत नाही. अर्थचा क्लॅम्प रंगावर लावून "मशीन धरत नाही" म्हणणारे रोज भेटतात. क्लॅम्पखालची जागाही घासलेली हवी आणि ती जोडाच्या शक्य तितक्या जवळ हवी. काम झाल्यावर शिवणीवर तपकिरी, काचेसारखे ठिपके राहतात. हा वायरमधल्या सिलिकॉनचा मळ आहे. तो तारेच्या ब्रशने निघतो, पण काढला नाही तर त्यावरचा रंग पहिल्याच पावसात पापुद्र्यासारखा सुटतो आणि गिऱ्हाईक रंगाच्या कंपनीला शिव्या देतो.

वारा आला की रॉड

आता गाडीतल्या रॉडच्या मशीनकडे येऊ. गॅसचं छत्र वाऱ्यापुढे टिकत नाही. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या बांधकामाच्या नियमांत गॅस वापरून वेल्डिंग करताना वाऱ्याची मर्यादा ताशी ८ किलोमीटर धरली आहे. एवढ्या वाऱ्यात झाडाची पानं नुसती हलतात. आंबेनळी घाटाच्या तोंडाशी किंवा सावित्रीच्या काठच्या मोकळ्या माळावर दुपारनंतर याहून जास्त वारा रोज असतो. स्लॅबवर चढून कैच्या जोडताना गॅस उडून जातो आणि शिवण आतून जाळीदार होते. काही जण मग गॅस २५ लिटरपर्यंत वाढवतात. त्याने उलट गॅस घोळत निघतो, बाजूची हवा आत ओढतो आणि छिद्रं वाढतात. ताडपत्रीचा आडोसा होत असेल तर करा. नसेल तर रॉड काढा. कैच्या आणि खांब शेडमध्ये वायरने तयार करायचे आणि साइटवर नेऊन शेवटचे जोड रॉडने मारायचे, ही कामाची वाटणी सर्वांत फायद्याची. हलकं इन्व्हर्टर रॉड मशीन खांद्याला लावून जिना चढता येतो. सिलिंडर घेऊन चढून पाहा.

बिनगॅसची वायरही मिळते. तिच्या पोटात फ्लक्स भरलेला असतो आणि वाऱ्यात ती बऱ्यापैकी टिकते. ती वापरताना तीन बदल विसरले जातात: मशीनच्या आतली जोडणी उलटी करून टॉर्च निगेटिव्हला घ्यायचा, खाचेऐवजी दातेरी रोल लावायचा, आणि टॉर्च ढकलायचा नाही, ओढायचा. स्लॅग येतो, धूर रॉडसारखाच येतो. ती महागही आहे. माझं मत विचाराल तर ज्याचा रॉडवर हात बसलेला आहे त्याने तिच्यामागे लागू नये. ज्याचा बसलेला नाही त्याने आधी रॉड शिकावा. आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे आणि त्यात रॉड, गॅस कटिंग आणि हे वायरचं वेल्डिंग अशा तिन्ही गोष्टी हाताखालून जातात. दुकानातल्या पोराला वर्षभर तिकडे सोडणं अनेक मालकांच्या जिवावर येतं, तरी सोडावं.

डोळा, धूर, ड्रम

वायरचा आर्क रॉडपेक्षा जास्त उघडा असतो, धूर कमी, प्रकाश जास्त. हेल्मेटला १० किंवा ११ नंबरची काच लागते. काळा गॉगल चालत नाही. आर्कचा झोत डोळ्यांत गेला तर तेव्हा काही वाटत नाही, रात्री डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होतं. थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा आणि सकाळी डॉक्टरांकडे जा. दुकानातून बधिर करणारे थेंब आणून घालू नका. रस्त्याकडेच्या दुकानाला पडदा हवाच. शाळेतून येणारी पोरं तोंड वासून आर्ककडे बघत उभी राहतात, त्यांच्यासाठी.

जीआय पाइपवर वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. त्यावर आधी दूध प्यायलं, गूळ खाल्ला की झालं, ही समजूत आपल्या धंद्यात जुनी आहे. पोटात गेलेला गूळ फुप्फुसात पोहोचत नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंचा जस्ताचा थर ग्राइंडरने काढा, वाऱ्याकडे पाठ न करता बाजू करून उभे राहा, आणि काम झाल्यावर त्या जागेवर झिंकचा प्रायमर मारा.

पुढची गोष्ट महाड-बिरवाडीच्या लोकांनी विशेष लक्षात ठेवावी. एमआयडीसीतून बाहेर पडलेले रिकामे ड्रम आपल्या भागात पाण्यासाठी, चुलीसाठी, गुरांच्या गव्हाणीसाठी सर्रास कापले आणि जोडले जातात. आत काय होतं ते बाहेरून कळत नाही. सॉल्व्हंटचा घोटभर थरही बंद ड्रममध्ये वाफेने भरून राहतो आणि आर्कची पहिली ठिणगी ड्रमचं झाकण छताला नेते. वास येत नाही, धुऊन घेतलाय, वर्षभर उन्हात होता, यातलं कुठलंही कारण पुरेसं नाही. गिऱ्हाईक ओळखीचं असलं तरी असं काम घेऊ नका. टाकीच्या आत उतरून वायरचं वेल्डिंग करायची पाळी आली तर हवा खेळती ठेवणारा पंखा आणि बाहेर लक्ष ठेवणारा माणूस याशिवाय उतरू नका. सीओटू हवेपेक्षा जड आहे, तो तळाशी साठतो.

पाणी शिरण्याआधी

महाडला राहणाऱ्याला जुलैचं पाणी नव्याने सांगायला नको. २००५ आणि २०२१ या दोन्ही वर्षी जुलैत बाजारपेठेत जे पाणी चढलं, त्याच्या खुणा अनेक दुकानांच्या भिंतींवर आहेत. तुमच्या दुकानातली अशी खूण शोधा आणि मशीनची फळी तिच्या वर ठोका. ती खूण डोक्याच्या वर असेल, तर जूनमध्येच मशीन, फीडर आणि वायरची रिळं माळ्यावर किंवा घरी हलवा. पावसाळ्यात लागणारं छोटं काम रॉडवर भागतं. सिलिंडर भिंतीला साखळीने पक्के बांधा, नाही तर पुरात वाहून पुढच्या गल्लीत जातात.

इतकं करूनही मशीन बुडालंच, तर ते सुरू करून बघायचं नाही. पाणी ओसरल्याच्या संध्याकाळी "लागतंय का बघू" म्हणून बटण दाबलं की वाचू शकलं असतं ते कार्डही जातं. वीज तोडा, झाकण उघडा, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये करंट साठलेला असतो म्हणून काही वेळ हात लावू नका. मग स्वच्छ गोड्या पाण्याने चिखल धुऊन काढा, कारण वाळलेला चिखल ओल धरून ठेवतो, आणि पंख्याखाली काही दिवस वाळू द्या. लायनर आणि टिप फेकून द्या, टॉर्चची केबल उभी टांगून निथळवा. दुरुस्तीवाल्याकडे नेताना मशीन किती वेळ पाण्यात होतं आणि नंतर एकदाही चालू केलेलं नाही, हे दोन्ही त्याला आधी सांगा. त्यावरूनच तो कार्ड वाळवायचं की बदलायचं ते ठरवेल.